चौघींच्या जखमा

सत्यशीला सिस्टर भांडखोर आहे, असं आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात सगळे म्हणतात. मी इथं अकरा वर्षं औषधांच्या खिडकीत बसतोय, म्हणून सांगतो: ती भांडखोर नाही, बाकीचे आम्ही शेळपट आहोत.

गेल्या साली वरून फर्मान आलं. ज्याचं ऑपरेशन होईल त्याची नोंद संगणकात करायची आणि तिसाव्या दिवशी फोन करून जखम कशी आहे ते भरायचं. कुठल्या दवाखान्यात काय चुकतंय ते कळावं, हा हेतू. हेतू सोन्यासारखा. पण जाफराबादकडच्या खेड्यांतल्या बाया नंबर कुणाचा देतात? ज्या जीपमधून आल्या त्या जीपवाल्या अंगदचा! तोच नंबर दुसऱ्यांदा घातला की संगणक अडून बसायचा. मग आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी तोडगा काढला: शेवटचा आकडा बदला. फोन भलत्यालाच लागायचा आणि रकान्यात 'ठीक' पडायचं. आम्हाला चाललं. सिस्टरला चाललं नाही.

एका रविवारी ती अंगदच्या जीपमध्ये बसून गावोगाव गेली. दुर्गाबाईची गर्भपिशवी काढून महिना झाला होता, तरी टाक्यांतून पू येत होता.

"कळवलं काहून न्हाई?"

"कुणी इचारलंच न्हाई, बाई. मला वाटलं, असंच ऱ्हातंय."

अशा चौघी निघाल्या. चौघींचं ऑपरेशन एकाच मंगळवारचं. अवजारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र बिघडलंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. सिस्टरनं चारही नावं संगणकात भरली, चौघींना उपचाराला आणलं आणि यंत्र तपासा म्हणून अर्ज दिला.

यंत्र तसंच राहिलं. वरच्या बैठकीत चिघळलेल्या जखमांचे आकडे वाचले, तर बाकी दवाखान्यांचं शून्य आणि आमचे चार निघाले, म्हणून साहेबांचा पाणउतारा झाला. ज्यांनी कुणाला विचारलंच नाही ते हुशार, आणि जिनं जाऊन पाहिलं ती नालायक! संताप येतो नुसता.

साहेब येऊन गरजले, "सिस्टर, ते चार जल्दी काढून टाका."

"त्या जखमा मी डोळ्यानं पाह्यल्या, साहेब. बिलकुल काढणार न्हाई."

साहेबांनी तिच्याकडून नोंदीचं काम काढून घेतलं आणि स्वतः शून्य भरलं. त्याच दिवशी मी दुर्गाबाईला जखम सुकायच्या गोळ्या देत होतो. सगळं माहीत असून गप्प बसलो, त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या महिन्यात साहेब दोन दिवस रजेवर गेले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनीचंही गर्भपिशवीचंच ऑपरेशन होतं, ते त्यांनी तिला जालन्याला नेऊन करवून घेतलं. परतले तेव्हा आम्ही सगळे हजेरीला उभे होतो. सिस्टरनं सर्वांसमोर विचारलं, "साहेब, आपल्याकडं तर शून्य हाय. मंग वहिनीला जालन्याला काहून नेलं?"

त्या दिवशी ऑपरेशनच्या यादीत तिघी होत्या. बाकड्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं, पिशव्या उचलल्या आणि सरळ बसस्टँडची वाट धरली. महिनाभर न सापडलेला यंत्राचा मिस्त्री दुसऱ्याच दिवशी हजर झाला.