खुल्या जागेचा अर्ज

गावदेवीच्या देवळात गावकी बसली होती. आम्ही दोघी पायरीखाली उभ्या. वाडीच्या माणसाने वर जाऊन बसू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी बसत नाही. शेठने हातातला पेपर माझ्याकडे फेकला.

"वाच."

मी वाचला. मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. आठवीपर्यंत आश्रमशाळेत शिकले होते. बाईंनी शिकवलं तसं स्वल्पविरामाला थांबून, कुठेही न अडखळता वाचला. मान ताठ झाली होती माझी. आज आपलं काम झालं, असं वाटत होतं.

मग शेठने तोच पेपर कमळीला द्यायला लावला. कमळी माझी चुलत जाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिने पेपर हातात घेतला, तसाच घडी करून परत केला. "मला नाय येत," म्हणाली.

शेठ गावकीकडे वळला. "मंग ही बरी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "शेठ, मी वाचला की."

"म्हनून तर," शेठ म्हणाला. "जा गो, कामावर जा. घासकाम पडलंय."

वर बसलेले सगळे हसले. म्हातारे हसले, कालपरवा मिसरूड फुटलेले हसले. मी पेपर वाचून दाखवत होते तेव्हा त्यांच्यातला एकही हसला नव्हता.

गावाचं नाव सांगत नाही. जोह्याहून पेणला जाणाऱ्या एसटीतून उतरलं, की शेतातून वर आमची कातकऱ्यांची वाडी. खाली गाव. गावात गणपतीचे कारखाने. त्यातला सगळ्यात मोठा शेठचा, आणि गावकीचा मुख्यही शेठच. मी त्याच्याच कारखान्यात घासकामाला. साच्यातून मूर्ती निघाली की तिच्या अंगावर जोड दिसतो, तो पॉलिश पेपरने घासून काढायचा. दिवसभर घासलं की भुवया पांढऱ्या होतात. रंगाला हात लावायचा नाही, डोळ्यांची आखणी तर लांबच. वाडीच्या बायका घासतात, गावातले रंगवतात. असंच चालत आलंय.

त्या वर्षी सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव पडलं होतं. सरकारने वर चिठ्ठी काढली आणि गावकीच्या घशात काटा अडकला. पण आमच्या गावात निवडणूक होत नाही. गावकी ठरवते, तेवढ्या एकाचा अर्ज जातो. बाकीच्यांनी भरायचा नाही, चुकून भरलाच तर मागे घ्यायचा. बिनविरोध. गावात भांडण नको, म्हणतात. त्यामुळे वाडीतल्या कुठल्या बाईला बसवायचं, ते गावकीने पेपर देऊन ठरवलं. मी त्याला परीक्षा समजले. शाळेत ज्याला वाचता येतं तो पास, एवढंच मला ठाऊक. ज्याला येत नाही तो पास होतो अशी परीक्षा मी तोवर बघितली नव्हती.

कमळी सरपंच झाली आणि मी जळले.

खोटं कशाला बोलू? माझा राग शेठवर नव्हता. कमळीवर होता. तिला हार घातला तेव्हा मी कारखान्याच्या दारातून बघत होते. गावातून तिची मिरवणूक निघाली. गुलाल उडाला. शेठच्या घरून तिला नवं लुगडं आलं, हिरवं, जरीच्या काठाचं. त्या लुगड्याकडे मी इतकी बघत होते की हातातल्या मूर्तीचं नाक घासून गेलं. त्याबद्दल वर शिव्या खाल्ल्या.

मी वाडीत बोलत सुटले. "हिला काय कळतंय? हिला एसटीची पाटी वाचता येत नाय, ही गाव चालवनार?" बायका हसायच्या. मला बरं वाटायचं. झेंडावंदनाला कमळीने दोरी ओढली, तेव्हा गाठ अडकावी म्हणून मी मनात गावदेवीला हात जोडले. गाठ सुटली. झेंडा फडकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हात पदरात धरून ठेवले. पुढे तिच्या पोराचं बारसं होतं. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिने पानात वाढून घुगऱ्या पाठवल्या, त्या मी कोंबड्यांना टाकल्या.

असा दोन वर्षं मी तो निखारा पदरात बांधून फिरले. भाजलं ते मलाच.

मग माझ्या लेकीला रोह्याच्या वसतिगृहात घालायचं ठरलं. त्यासाठी रहिवासी दाखला पाहिजे. सरपंचाचा. म्हणजे कमळीपुढे जाऊन उभं राहायचं. तीन दिवस मी टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन, केस विंचरून पंचायतीच्या ऑफिसात गेले. तिच्यापेक्षा कमी दिसायचं नव्हतं मला.

टेबलामागे मोठी खुर्ची होती. पाठीला पांढरा टॉवेल टाकलेली. वर भिंतीवर पाटी, सरपंच, आणि खाली कमळीचं पूर्ण नाव. खुर्चीवर शेठचा मुलगा बसला होता. तो उपसरपंच. कमळी दाराशी उंबऱ्याला टेकून गोणपाटावर बसली होती. तेच हिरवं लुगडं. काठ विटला होता. पुढ्यात चहाचे उष्टे कप.

आधी मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. बरी जिरली, असं वाटलं. दोन वर्षांत इतकी गार कधी झाले नव्हते.

मी दाखला मागितला. शेठच्या मुलाने कागद काढला, आपण भरला नाही, ग्रामसेवकाकडे सरकवला. हा मुलगा दहावीला तीनदा बसला आणि तीनदा पडला, हे सगळ्या गावाला ठाऊक. ग्रामसेवकाने भरून दिला. मग त्या मुलाने कमळीकडे न बघताच चुटकी वाजवली. ती उठून आली. त्याने तिचा हात मनगटाला धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. तिच्याशी एक शब्द नाही. रबरी शिक्का मारावा तसा. शिक्का तरी पुसून डबीत ठेवतात. त्याने हात नुसता सोडला.

कमळीने अंगठा लुगड्याला पुसला. त्या जागी काठावर निळं निळं झालं होतं. रोजचंच असणार. ती माझ्याकडे बघेना.

कागद घेऊन मी बाहेर आले आणि पिंपळाच्या पारावर बसले. मघाचा आनंद नासला होता. मी दोन वर्षं कुणावर जळत होते? ज्या खुर्चीसाठी मी घुगऱ्या कोंबड्यांना टाकल्या, त्या खुर्चीवर कमळी एक दिवससुद्धा बसली नव्हती. आणि जो बसला होता, त्याचा हेवा करायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. तो बसणारच, हे मी पाऊस पडणारच तसं धरून चालले होते. त्याला कुणी पायरीखाली उभं केलं नव्हतं. त्याच्या अंगावर पेपर फेकून कुणी "वाच" म्हटलं नव्हतं. तीनदा पडलेल्याला खुर्ची आणि वाचणारीला घासकाम. मी आजवर चुकीच्या माणसावर जळत आले होते. त्या दिवसापासून बरोबर माणसावर जळू लागले.

संध्याकाळी कमळीकडे गेले. ती चुलीशी होती. म्हटलं, "कमळे, तिथं कशाकशावर आंगठा देतेस ते कळतं का?"

"नाय."

"विचारत का नाय?"

"इचारलं एकदा. म्हनाले, कळत नाय म्हनून तर तुला आनली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तू माझ्यावर जळत होतीस नं?"

"व्हय."

"मला दिसत होतं," ती म्हणाली. तिने माझ्यासमोर चहा ठेवला. मी प्यायले.

पाच वर्षं भरली. पुढच्या खेपेला सरपंचपद खुलं झालं. गावकी बसली आणि शेठच्या मुलाचं नाव ठरलं. बिनविरोध. वाडीला कुणी बोलावलंसुद्धा नाही. आता तुमची गरज नाही, हे न बोलता सांगितलं.

मी पेणला गेले आणि अर्ज भरला. सदस्याचा नाही, सरपंचाचा. कातकऱ्याने राखीव जागेवरच उभं राहायचं, अशी आमचीही समजूत होती. कायद्यात तसं काही नाही. खुली म्हणजे सगळ्यांना खुली. हे कुणी सांगितलं नाही. मी नियम वाचले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारातूनच परत पाठवलं. नवऱ्याचं विटांचं काम बंद. वाडीतली माणसं म्हणाली, तुझ्यापायी आमच्या बायकांचंही घासकाम जाईल. खरं होतं ते. रात्रभर डोळा लागला नाही, पण अर्ज मागे घ्यावा असंही वाटलं नाही.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी मी तहसीलच्या आवारात जाऊन बसले. घरी राहिले असते तर कुणी ना कुणी वळवलं असतं. तीन वाजेपर्यंत मुदत. दीड वाजता शेठची जीप आली. पुढून शेठ उतरला, मागून कमळी. तिला मुद्दाम आणली होती, मला समजवायला.

"बोल हिला," शेठ म्हणाला.

कमळी माझ्यासमोर उभी राहिली. मग माझ्या शेजारी जमिनीवर बसली. शेठला म्हणाली, "मी काय बोलू? माझा आंगठा द्यायचा तेवढा देऊन झाला."

शेठचा चेहरा बदलला. पण आवाज गोड ठेवला. "बघ गो, वाडीची मेंबरची जागा राखीव हाय नं? पुढल्या खेपेला ती तुझी. शब्द देतो. उद्यापासून कामावर ये. घासकाम नको करू, रंगावर बस."

रंगावर. तेरा वर्षं ज्याच्याकडे लांबून बघितलं तो रंग. जीव हलला माझा, नाही कशाला म्हणू?

म्हटलं, "शेठ, मला खुलीच पायजे."

"पडशील."

"पडेन."

"लोकं थुकतील तोंडावर. कातकरनीला एवढी हाव?"

"हाव हाय," मी म्हटलं. "तुमच्या पोराला हाय तेवढीच."

शेठ जीपमध्ये जाऊन बसला. तीनपर्यंत तिथेच होता. मी उठले नाही, कमळी उठली नाही. तीन वाजले आणि शिपायाने खिडकी लावली. गावात सरपंचासाठी पहिल्यांदाच मतदान होणार होतं.

मी पडेन, हे मला माहीत आहे. वाडीची मतं किती आणि गावाची किती, ते मोजता येतं मला. पण शेठच्या मुलाला आता दारोदार हात जोडत फिरावं लागेल, आमच्या वाडीवरसुद्धा. आला की मी दारातच उभी असेन. पुढच्या पाच वर्षांनी पुन्हा उभी असेन, त्याच्या पुढच्या पाच वर्षांनी पुन्हा. माझा अर्ज मी मागे घेणार नाही.