शेटजींचा तळहात
ब्रेक ऑइलचा वास आला की मला उल्हासनगर कॅम्प एकमधलं ते स्पेअर पार्टचं दुकान आठवतं. मी तेव्हा बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर नर्स होते, आणि अंबरनाथच्या कारखान्यात फिटर असलेले आमचे हे माझ्यासाठी भंगारातून जीप जुळवत होते. पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तेवढा राहिला होता. ह्यांनी ट्रकचा जाडजूड उचलला, म्हणाले, "हाच दणकट." म्हाताऱ्या सिंधी शेटजींनी विचारलं, "गाडी चलाएगा कौन?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शेटजींनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या पायासमोर तळहात धरला. "दबाओ बेटी, पूरा जोर." वडिलांच्या वयाच्या माणसाला पाय कसा लावायचा? मी घुटमळले तसे ते खेकसले, "उतार पे भी शरमाएगी क्या?" मी चप्पल काढून दाबलं. शेटजींनी माझ्या पायाचा जोर जोखला, ट्रकचा सिलिंडर फळीवर परत ठेवला आणि बारीक नळीचा दिला. "बडा डालेगा तो पैर थकेगा, गाडी नहीं रुकेगी. ये हलका दबेगा." मी त्यांच्या हाताला स्पर्श करून नमस्कार केला. आता गाडी मुलगा चालवतो, मी शेजारी बसते. पण उतार लागला की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो, आणि खाली तो तळहात लागतो.