गाभण मेंढ्यांसमोर मशीनगन

सिनेमासाठी जुन्या मशीनगन चालत्या ठेवणं हा माझा धंदा. काडतुसात गोळी नसते, नुसती दारू. गोळीच नाही म्हटल्यावर आतला रेटा पुरत नाही, म्हणून नळीच्या तोंडात बारीक भोकाचं बूच बसवायचं. तेव्हा कुठं ती म्हातारी बंदूक आपणहून पुढचं काडतूस ओढते. स्लो मोशनमध्ये सगळं उघडं पडतं. तेल जास्त झालं की धूर दिसतो, काजळी साचली की अडखळणं दिसतं. आवाज मात्र त्या वेळी घेतच नाहीत, तो नंतर भरतात.

कोहिनूर गावच्या माळावर शूटिंग होतं. दिग्दर्शकाला गोळीबारानं उधळणाऱ्या मेंढ्या हव्या होत्या. निंबर्ग्याचे माझे मामा तेव्हा तिथल्याच एका शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवून होते. खतासाठी तो दरसाल त्यांनाच बोलवायचा. दोघं एकमेकांना शिव्या देत एका ताटात जेवायचे. मामांचं नाव मीच सुचवलं.

मामांनी एवढंच विचारलं, "गाभण हाईत रं. लई आवाज व्हतो का?"

"न्हाई मामा. फटाक्यावानी."

खरं तर माझ्याकडं अर्ध्या दारूची, कमी आवाजाची काडतुसं होती. पण त्यांना आणखी बारीक बूच लागतं, काजळी लवकर धरते, दर फैरीनंतर बंदूक खोलून पुसावी लागते. एवढ्या लोकांत ती अडकली असती तर माझं नाव गेलं असतं. मी पुऱ्या दारूची भरली. मेंढ्या उधळल्या, शॉट पहिल्याच खेपेला मिळाला, लोकांनी माझी पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात मेंढ्यांनी गाभ टाकायला सुरुवात केली. भाच्यानं फटाक्यावानी म्हटलेलं, म्हणून बंदुकीवर मामांचा संशय गेला नाही; शेतकऱ्यानं बांधावर औषध फवारलं असणार, असं त्यांनी धरलं. तो बिचारा पोराबाळांच्या शपथा घेत होता. मी दोघांच्या मधे उभा होतो आणि गप्प होतो. मामा त्या रानात पुन्हा कधी उतरले नाहीत.

परवा मामांनी तो सिनेमा मोबाइलवर लावायला सांगितला. त्यांच्या मेंढ्या हवेत तरंगल्यासारख्या उड्या घेत होत्या, मागं बासरी वाजत होती.

"ह्याला आवाजच न्हाई की," मामा म्हणाले.

तेव्हा मी सांगितलं. अर्ध्या दारूचं, बुचाचं, माझ्या नावाचं, सगळं. मामा शिवी देतील म्हणून मान खाली घालून बसलो.

"तू अगुदर बोलला असतास," ते हळूच म्हणाले, "तर गेल्या साली त्याच्या मातीला तरी गेलो असतो मी."

मग त्यांनी विचारलं, त्याचा पोरगा अजून कोहिनूरलाच राहतो का. व्हय, म्हणालो. चला, मी नेतो, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.