कॉम्प्युटरची पेटी आणि पासलीची एसटी

"काका, कुणीतरी बसलं यावर," रुबीना म्हणाली आणि तिनं पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

झाकणाच्या मधोमध खड्डा पडला होता. चांगला ऐसपैस होता. बसणारा खात्यापित्या घरचा असावा. झाकणावर मी लाल ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘नाजूक वस्तू. बसू नये.’ ती अक्षरं आता खड्ड्याच्या उतारावरून घसरत तळाशी जमा झाल्यासारखी दिसत होती.

"तू सांगितलं नाहीस त्याला?"

"सांगितलं की. म्हणाले, ‘म्या बसलो न्हाई पोरी, निस्ता टेकलोय.’ वेल्ह्यापर्यंत टेकले होते."

मी स्क्रू काढले. दबलेल्या झाकणाचा पत्रा आतल्या डिस्प्ले कार्डाला चिकटला होता. डिस्प्ले कार्ड म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारी पट्टी. त्याला पत्रा लागला की शॉर्ट. पासलीच्या वर्गात वीज जोडल्याबरोबर कार्ड गेलं होतं. मुली रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहिल्या आणि रुबीनानं त्यांना फळ्यावर कीबोर्ड काढून दाखवला.

ही गोष्ट दोन हजार सालच्या आगेमागची. भोरात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ-टीव्ही, मग कॉम्प्युटर. बारीक काम मी घरीच करायचो. घरामागं पत्र्याची पडवी होती, तिला मी ‘वर्कशॉप’ म्हणायचो. बायको ‘तुमचा तो पसारा’ म्हणायची. जागा एकच.

रुबीना ही अब्बासभाईंची मुलगी. अब्बासभाईंचं सायकलचं दुकान माझ्या दुकानाला लागून. पोरगी पुण्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली होती. भोरातल्या क्लासात नोकरी मागायला गेली, तिथं जागा नव्हती. मग तिनंच विचार केला, की पासलीसारख्या गावातल्या मुली रोज भोरला येऊ शकत नाहीत, आल्या तर परतीची गाडी मिळत नाही. तर मुलींनी कॉम्प्युटरकडं येण्याऐवजी कॉम्प्युटरनंच मुलींकडं जावं. काही वार किकवीला, काही वार पासलीला. एसटीनं.

टीव्हीएवढा जड मॉनिटर रोज हलवणं शक्य नव्हतं. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन वापरलेले मॉनिटर आणून दोन्ही गावांत एकेक ठेवला. प्रवास करायचा तो फक्त सीपीयूनं, म्हणजे ज्या डब्यात सगळी अक्कल असते त्यानं. पण बाजारात मिळणारा डबा टेबलाखाली गपचूप उभं राहायला केलेला असतो. पातळ पत्रा, आत कार्डं खाचेत नुसती दाबलेली. वेल्ह्याच्या पुढचा पासलीचा रस्ता सुरू झाला की सगळी कार्डं खाचा सोडून फिरायला निघायची. रुबीना तिथं पोचली की आधी डबा उघडायची, कार्डं पुन्हा दाबायची, मग शिकवायला लागायची.

"काका, तुम्ही करून द्या ना एक पेटी. एसटीत टिकेल अशी."

आता कुणी मला ‘तुम्ही करून द्या’ म्हटलं की माझी छाती उगाचच दोन इंच फुगते. मी हो म्हणालो.

ती पहिली पेटी मी फार प्रेमानं केली. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पत्रा. पत्रा कातरीनं कापला, कडा कानशीनं घासल्या, बोटंही थोडी घासली. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात ती मोठी पट्टी, पितळेच्या छोट्या खुंट्यांवर उभी केली, म्हणजे ती लोखंडाला टेकणार नाही. कार्डांना वरून पट्टी मारली. राहिली हार्डडिस्क. सगळं काम तिच्यात साठवलेलं असतं आणि दणक्याला सगळ्यात नाजूक तीच. ती मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर पाळण्यासारखी टांगली. ट्यूब अब्बासभाईंनी दिली. देताना म्हणाले, "दत्तोबा, पंक्चर झाली तर माझ्याकडंच आण."

पेटीची चाचणीही घेतली. स्कूटरला मागं बांधली आणि महाडच्या रस्त्यावर निघालो. खड्डा दिसला की लोक चुकवतात, मी शोधून शोधून त्यात घालत होतो. एका ओळखीच्या माणसानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, की तुमचे हे गाडी जरा विचित्र चालवत होते, बरं आहे ना? पेटी मात्र पास झाली. मशीन जसंच्या तसं चालू. मी सगळ्या खड्ड्यांचा विचार केला होता. माणसांचा विचार झाकणावरच्या पाटीपुरताच केला होता.

एसटीत कुठलीही सपाट वस्तू ही बसायची वस्तू असते. धान्याचं पोतं, पत्र्याची ट्रंक, भजनी मंडळाच्या पेटीचा खोका, इंजिनजवळचा उंचवटा. त्यात वाईट वागणूक काही नाही. गाडी दिवसातून मोजक्या वेळा जाते, माणसं दुप्पट असतात, रस्ता वळणांचा. उभ्या माणसाला सपाट जागा दिसली की त्याचे गुडघे आपोआप वाकतात.

हे मला कळलं, पण मी त्यावर उपाय काढला तो अतिहुशार माणसाचा. दुसऱ्या पेटीचं झाकण मी उतरतं केलं. दोन बाजूंना पाखी, मधे आढं, कौलारू घरासारखं.

"आता बसून दाखवा म्हणावं," मी बायकोला म्हणालो.

बायकोनं पेटीभोवती एक चक्कर मारली. "छान आहे. तुळस ठेवायची का पुढं?"

काही फेऱ्या चांगल्या गेल्या. कुणी बसलं नाही. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला झाकणाच्या उताराचं शास्त्र समजावून सांगत होतो. मग एका संध्याकाळी रुबीना आली. पेटी टेबलावर ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"काय झालं? उतारावर बसलं कुणी?"

"नाही काका. उलटी करून बसले."

गाडीत बाजारची गर्दी होती. पेटी मागच्या दारापाशी, रुबीना पुढं अडकलेली. तिथल्या कुणीतरी पेटी पाहिली. वरची बाजू गैरसोयीची, पण खालची बाजू छान सपाट. त्यानं दोन पोत्यांच्या फटीत पेटी पालथी घातली, तळ वर आला, आणि दोघं आरामात बसून पासलीपर्यंत गेले. उतरताना एकानं ती पुन्हा सरळ करून ठेवली, म्हणजे माणसं सभ्य होती.

आतली हार्डडिस्क पाळण्यातून खाली लोंबकळत झाकणाच्या आढ्यावर आपटत गेली होती. मी ती कानाशी धरून चालू केली. आतून खडखड आवाज आला. रेडिओच्या काळापासून मला बिघाड कानानं ओळखायची सवय आहे, पण हा आवाज न्हाव्यालाही कळला असता. डिस्क गेली. थोडं फ्लॉपीवर होतं ते वाचलं, बाकी मुलींची महिनोन्महिन्यांची कामं गेली.

"आणि मुली?"

"आपल्या वर्गातली सरू आहे ना, तिचे वडील आले होते. म्हणाले, ‘बाई, भात कापायला आलाय. पोरी काम टाकून हितं येत्यात. मशीन चालू आसंल तर जरूर धाडू. पुढच्या खेपंला बंद दिसलं तर आमी न्हाई धाडणार. राग मानू नका.’ आणि काका, ते बरोबरच बोलत होते."

दिवाळीनंतर त्या मुलींची भोरला परीक्षा होती. पासलीतल्या मुली कॉम्प्युटरच्या परीक्षेला बसणार हे रुबीनानं भोरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ज्या क्लासात तिला जागा नव्हती तिथंही.

दुसऱ्या दिवशी अब्बासभाई माझ्याकडं आले. हातात ट्यूब नव्हती आणि चेहऱ्यावर चेष्टाही नव्हती.

"दत्तोबा, शिरवळला एका कंपनीत ऑफिसची जागा आहे. माझ्या ओळखीतली. मी तिला म्हणालो, सोड हे पेट्या वाहणं. ती म्हणाली, अब्बा, एक खेप बघू द्या. पोरगी रडत नाही म्हणून तिला काही वाटत नाही असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मग या वेळी नीट कर. तुझं डोकं जरा कमी वापर."

इतका नेमका सल्ला मला आजवर कुठल्याही इंजिनियरनं दिलेला नाही.

मी ठरवलं, आधी गाडीत जाऊन बघायचं. मशीन बाहेर काढून ठेवलं, पेटीवर तात्पुरतं सपाट प्लायवुडचं झाकण ठोकलं आणि आत मशीनच्या वजनाच्या विटा भरल्या. क्लास नव्हता त्या वारी रुबीनाबरोबर पासलीला निघालो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?"

"कॉम्प्युटर," मी म्हणालो.

गाडी वळली तशी आत विटा घरंगळल्या. कंडक्टरनं पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "लई जुना दिसतोय," म्हणाला आणि लगेजचं तिकीट फाडलं.

मला खिडकीची जागा मिळाली होती, पेटी पायाशी. कुणी जवळ आलं की मी हात आडवा करायचो. "अहो, नाजूक आहे. बसू नका." एक आजोबा म्हणाले, "न्हाई बसत बाबा, वराडतो कशापाई?" वेल्ह्याला गाडी बदलली. पुढच्या गाडीत जागा एकच मिळाली, ती एका लेकुरवाळीला दिली आणि मी उभा राहिलो, पेटी पायांमधे धरून. रुबीना दोन सीट पुढं उभी. गाडी वळणं घेत होती. माझ्या कंबरेनं पहिल्या वळणाला तक्रार केली, दुसऱ्याला अर्ज दिला. मी विचार करत होतो, की पेटीला साखळी लावावी का, की वर खिळे उलटे ठोकावेत, म्हणजे बसणाऱ्याला चांगला धडा मिळेल. विचार छान रंगात आला होता.

"काका," पुढून रुबीनाचा आवाज आला.

"काय गं?"

"तुम्ही पण?"

मी खाली पाहिलं. मी पेटीवर बसलो होतो. कधी बसलो मला आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. मघाचे आजोबाही याच गाडीत आले होते. ते गालात हसत म्हणाले, "बसा, बसा. नाजूक हाय, जरा बेतानं."

मी उठलो नाही. तसाच बसून राहिलो आणि पहिल्यांदा पेटीचा नीट विचार केला. मी बसल्यावर ती हलायची थांबली होती. मघाशी उडत होत्या त्या विटा आता गप्प होत्या. माणसाचं वजन हे पेटीचं दुखणं नव्हतंच. ते वजन झाकणावरून मशीनवर जात होतं हे दुखणं होतं. त्याला वाट काढून दिली की झालं. मी दोन पेट्या केल्या त्या गाडीतल्या माणसांशी भांडायला केल्या होत्या. आणि भांडणारा मीसुद्धा वेल्ह्याच्या पुढं टिकलो नव्हतो.

तिसरी पेटी स्टुलाच्या उंचीची केली. चारी कोपऱ्यांत जाड अँगलचे पाय, त्यांवर जाड प्लायवुड. बसणाऱ्याचं वजन पायांतून थेट गाडीच्या तळाशी जाणार. नवी डिस्क घातलेलं मशीन त्या पायांच्या मधे, झाकणापासून चार बोटं खाली, वरून-खालून दोन्हीकडून ट्यूबनं ताणून धरलेलं, म्हणजे पेटी पालथी झाली तरी ते लोंबकळणार नाही. हवा खेळायची भोकं वरून काढून बाजूंना नेली. उचलायला दोन जाड कड्या लावल्या. अँगल मी स्वतःच कापला आणि अब्बासभाईंनी दुकान बंद ठेवून माझ्यासमोर बसून प्रत्येक जोड वाकवून बघितला.

पडवीत पेटी तयार झाली तेव्हा बायको आली. "वर काही नाही का? टोचेल की."

"कुणाला टोचेल?"

"बसणाऱ्याला."

तिनं जुन्या सोफ्याचं तपकिरी रेग्झीन काढलं, आत स्पंज घातला आणि गादी शिवून दिली. मी ती खिळे मारून बसवली. लाल ऑइलपेंटचा डबा फडताळात परत ठेवला.

त्या सकाळी रुबीना पेटी घेऊन गेली. मी दुकान उघडलं पण एकही स्क्रू हातात धरला नाही. शेजारी अब्बासभाई एकच चाक फिरवत बसले होते, ते चाक केव्हाच सरळ झालं होतं. पासलीला तेव्हा एकच फोन होता, दुकानातला, आणि तो पावसात आडवा झालेला असायचा. दुपार टळून गेली तेव्हा माझ्या दुकानातला फोन वाजला.

"काका, एक जाडजूड मामा बसले होते. वेल्ह्यापासून इथपर्यंत. उतरताना म्हणाले, ‘ही शीट लई ब्येस हाय, मंडळानं सगळ्या गाडीत लावायला पायजे.’"

"ते राहू दे! मशीन?"

"चालू आहे ना. सरू टाइप करतेय. आवाज ऐका."

तिनं फोन धरला असावा, पण तिथल्या दुकानातून वर्गातला आवाज येणं शक्यच नव्हतं. मला फक्त कोंबड्या ऐकू आल्या. मी म्हणालो, हो, येतोय ऐकू. अब्बासभाईंनी चाक खाली ठेवलं आणि चहा सांगितला.

पासलीच्या मुली परीक्षेला आल्या. सगळ्या पास झाल्या असं सांगायला मला आवडलं असतं, पण दोघी राहिल्या, त्या पुढच्या वेळी सुटल्या. सरू चांगल्या मार्कांनी निघाली. रुबीनाचा फिरता क्लास पुढं काही वर्षं चालला. मग गावागावांत कॉम्प्युटर पोचले आणि पेटीचं काम संपलं. आता रुबीनाचं किकवीत स्वतःचं सेंटर आहे.

पेटी तिनं मला परत आणून दिली. आतलं मशीन काढलं, पण मोडवेना. वस्तू कुणासाठी करायची हे विचारताना मी तोवर फक्त गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचो. तेव्हापासून त्याच्या शेजारी कोण उभं असणार आणि त्याचे पाय किती दुखत असणार, तेही विचारतो. धंद्यात याचा फार फायदा झाला असं नाही. दुरुस्त्या कमी झाल्या.

पेटी सध्या आमच्या ओटीवर, दाराशी आहे. परवा नवीन सोफा आला तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, आता तरी ही टाका. मी काही बोलायच्या आत अब्बासभाई काठी टेकत आले, नव्या सोफ्यावरून त्यांनी एक नजर फिरवली आणि नेहमीसारखे पेटीवर जाऊन स्थिरावले.

"अब्बासभाई, सोफ्यावर बसा की," मुलगा म्हणाला.

"मी कुठं बसलोय?" अब्बासभाई म्हणाले. "नुसता टेकलोय."