सुलभाकाकूंनी शिवलेली डायरी

एप्रिलमध्ये निकाल लागले की सुलभाकाकू आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरायच्या. "जुन्या वह्या काढा गो. रद्दीवाल्याच्या आधी माझा नंबर." वह्यांमधली कोरी पानं सोडवून त्या सुईदोऱ्याने शिवायच्या आणि जूनमध्ये त्यांच्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या आम्हा इंग्लिश मीडियमच्या मुलांना एकेक डायरी द्यायच्या. त्यात एक पान चौकटींचं, पुढचं दुरेघी, मग मध्येच विज्ञानाच्या वहीतलं बिनरेघी. रोज एक चित्र आणि खाली दोन ओळी, एवढाच गृहपाठ.

काकू रत्नागिरीकडच्या. लग्नाआधी तिथे बालवाडीत शिकवायच्या. त्यांचा नियम एकच. "पाहिलंस ते काढ. तुला काय वाटलं, ते मला नको."

मला तर हायसं वाटलं. शाळेत 'माय फीलिंग्ज'वर निबंध आला की मी नुसती पेन्सिलीला टोक काढत बसायचे. इथे मी पाण्याच्या टँकरचा पाइप काढला, दारावर येणाऱ्या मावशीची मासळीची टोपली काढली. काकू चित्र डोळ्यांजवळ धरून तपासायच्या. "टँकरवाल्याच्या पायात चप्पल नाही? खरंच नव्हती? मग बरोबर."

चौथीत असताना एकदा सगळी मुलं गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. माझी डायरी त्यांच्या मांडीवर होती.

"शाळेची सगळी चित्रं तू वरून काढलीस. नुसती डोकी दिसतायत. डबा खाताना तू असतेस कुठे गो?"

मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, खिडकीशी एकटी बसून डबा खायचे. घरी मात्र रोज मैत्रिणींची नावं सांगायचे. आईला हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ती टीचरसमोर उभी राहिली असती आणि मग अख्ख्या वर्गाला कळलं असतं.

"आईला सांगाल?"

"डायरी तू मला दाखवलीस. आईला नाही." मग त्यांनी एका डोक्यावर बोट ठेवलं. "ही वाकड्या भांगाची कोण?"

"हेतल."

"हिच्या डब्यात काय असतं?"

"वरून दिसत नाही."

"मग पान अर्धंच आहे. उद्या पुरं करून आण."

'जा, मैत्री कर' म्हणाल्या असत्या तर मी गेले नसते. पण गृहपाठ अर्धा ठेवायची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खाली उतरले आणि हेतलसमोर जाऊन उभी राहिले.

"तेरे डब्बे में क्या है?"

"क्यों, तू टीचर है?"

"डायरी में लिखना है."

"लिख. खाखरा. रोज खाखरा. तेरा क्या है, डोसा?"

"घावन."

"जो भी है. दे."

संध्याकाळी काकूंनी वाचलं, 'हेतलच्या डब्यात खाखरा आणि कैरीचा छुंदा होता. माझं घावन तिने खाल्लं.'

"आणि तू उपाशी?"

"मी तिचा खाखरा खाल्ला."

"मग तेही लिही की बाय! दिसतं तेवढंच काढलंस, स्वतःला विसरलीस."

मी कोपऱ्यात स्वतःला काढलं. शाळेच्या चित्रात पहिल्यांदाच माणसांना पाय होते.

गेल्या वर्षी आमची बिल्डिंग पाडायला घेतली आणि काकू कायमच्या गावी निघाल्या. खोकी बांधत होत्या. मी टेप कापून देत होते. तेव्हा धीर करून विचारलं, "तुम्ही चौथीत आईला माझ्या डब्याचं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिने शाळेत येऊन तुला मैत्रीण शोधून दिली असती." त्यांनी खोक्याची कड दाबून धरली. "ती तिने दिलेली झाली असती. लाव टेप."

मला थँक यू म्हणायचं होतं. मी टेप लावली. मग त्याच खोक्याला आणखी दोनदा गुंडाळली. काकूंनीच माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "पोचलं."

टेम्पो गेल्यावर मी गेटपाशीच उभी राहून हेतलला फोन केला आणि तिला शाळेतल्या त्या जिन्याबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.