टाचलेली मुखपृष्ठं

जन्मशताब्दी समितीने मला फसवलं. आमच्या गावच्या हेरकथाकाराच्या शंभराव्या जयंतीला मांडायच्या म्हणून त्याच्या कादंबऱ्या त्यांनी माझ्या वाचनालयातून नेल्या. रद्दी वेचून मी हे वाचनालय उभं केलं आहे. घासाघीस केल्याशिवाय माझ्याकडून कुणाला काही मिळत नाही. या वेळी गावाचा मान म्हणून नुसत्या शब्दावर दिल्या. त्या प्रती आता दुसरीकडे कुठेच नाहीत.

काल सभागृहात गेलो, तर फळ्यावर फक्त मुखपृष्ठं टाचलेली. पुस्तकांपासून कापून काढलेली; आतली पानं कुठेच दिसत नव्हती. पंख्याच्या वाऱ्याने ती हलत होती आणि हॅट कपाळावर ओढलेला तो हेर प्रत्येक चित्रातून माझ्याकडे बघत होता.

"काका, तापू नका. लोक चित्रंच बघतात," समितीचे कार्यवाह म्हणाले. "गोष्टी काय, सगळ्यांना पाठ आहेत."

"मग शेवटच्या कादंबरीत फितूर कोण निघतो, तेवढं सांगा."

त्यांनी लेखकाच्या तसबिरीचा हार सरळ केला.

हेराला संपवायचं तर आधी त्याचे कागद जाळतात, म्हणजे तो कधी होता हेच उरत नाही. इथे तेच काम समई लावून, सनईच्या सुरांत चाललं होतं. वक्ता लेखकाला अमर म्हणत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. माणूस पुसायला शत्रूच लागतो असं नाही.

उद्या समारोप आहे. आतली पानं कुणी फेकली आणि कुठे, ते कार्यवाहांनी व्यासपीठावरून सांगावं. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.