बायको माझी, बोलला जावई

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिताना चुका होतील, होऊ देत. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. एकदा घेतलं आणि पस्तावलो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बायको गेली, तेव्हा आम्ही लासुर्ण्यात होतो. पुण्यानुमोदनाला विहारापुढं मांडव घातला. जावई इंदापुरात मास्तर. त्याला मी म्हणालो, "पावणं, तिच्याबद्दल चार शब्द लिहून वाचा." त्यानं चार पानं आणली आणि वाचायला लागला ते असं, जणू तीच बोलतेय. "मी सुप्याच्या कोरड्या माळावर जन्मले. मुक्या गाईसारखी दावणीला बांधली गेले. माझे अश्रू कुणीच पाहिले नाहीत."

मुकी? गावात कुणालाही विचारा. एसटीचा कंडक्टर थांबा सोडून पुढं गाडी थांबवायचा, तर ही भर गाडीत ओरडली होती, "मला काय तुझ्या बापाच्या दारात उतरवतो व्हय रं?" त्यानंतर थांबा लांब असतानाच तो घंटी मारायचा.

आणि इथं बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. कुणासाठी? त्या पानांतल्या बाईला मी ओळखतसुद्धा नव्हतो. वर त्या गाईला दावणीला बांधणारा कोण, तर मी! लोक वळून वळून माझ्याकडं बघत होते.

मी उठलो आणि माईक ओढून घेतला.

"पावणं, तिच्या तोंडानं बोलायला तुमाला सांगितलं कुणी?"

"मामा, लिहायची पद्धत असती तशी. 'मी' म्हणलं की ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडतं."

"मग सोताचं 'मी' म्हणा की! तिचं कशाला पळवताय?"

मग मीच सांगायला लागलो. तिच्या छातीत दुखायला लागलं, मी उसातनं पळत आलो. मी टेम्पो आणला. मी तिला उचलून आत ठेवलं. बारामतीपर्यंत मी डायवरला कुठं थांबू दिलं नाही. लोक माना हलवायला लागले. मलाही माझाच आवाज बरा वाटायला लागला.

तिच्याबरोबर खुरपायला जाणारी म्हातारी पुढंच बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "दाजी, पळणारं तुमीच, उचलणारं तुमीच. आमची बाय कुठं हाय ह्यात? ती काय पोतं हुती व्हय?"

मांडवात हसू फुटलं. माझं डोकं तापलं.

"टेम्पोत काय म्हणाली, ते सांगा की," म्हातारी काही सोडेना.

"म्हणाली, मोटार बंद केली का? पाणी बांधाबाहेर चाललं आसंल."

"हां! ही आमची बाय," म्हातारी म्हणाली, आणि तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेली ती रडायला लागली.

जावई हळूच म्हणाला, "मामा, हे मला आधी सांगायचं की."

कसं सांगणार? मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मोटारीचं तिनं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी खेकसलो, "मर त्या मोटारीच्या नादानं!" दवाखाना यायच्या आत ती गेली.

जावयाच्या चार पानांत हे नव्हतं. मीही माईकवर सांगितलं नाही. तिनं स्वतः सांगितलं असतं तर पहिलं हेच सांगितलं असतं, माझ्या आवाजात, माझ्यासारखं तोंड वाकडं करून.